ओदिल परत आली की बांधायच्या गाठी

४ मार्च, मंगळवार

आजपासून रोजनिशी. क्लेमांसचा आग्रह. काल फोनवर म्हणाली, पपा, तू कुणाशी तरी मोकळं बोलत जा. मी म्हणालो, मी मोकळाच आहे, अडलंय कुठे? पण पोरीचं जूनमध्ये लग्न आहे, तिच्या डोक्याला उगीच घोर नको, म्हणून खाली जाऊन ही वही आणली.

वस्तुस्थिती अशी. माझी बायको ओदिल नाताळनंतर सेतला गेली आहे, तिच्या थोरल्या बहिणीकडे, मारीव्होनकडे. समुद्र, ऊन, हवापालट. आमच्या लिऑनच्या या टेकडीवर हिवाळ्यात धुकं धरतं आणि तिचे गुडघे धरतात. जाताना दारात म्हणाली, रेजिस, मी आता परत येणार नाही. दमली होती. दमलेलं माणूस काहीही बोलतं.

सगळ्यात मोठा पुरावा: एकही स्कार्फ नेलेला नाही. सगळे इथेच, सपाट कप्प्यांत, पातळ कागदाच्या घड्यांत. अस्सल रेशीम, याच शहरात छापलेलं, कड हाताने वळून शिवलेली. असा संग्रह मागे टाकून कुणी कायमचं जातं का? पासपोर्ट घरी ठेवून कुणी अमेरिकेला जात नाही.

संग्रह तिचा, निवड माझी. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, नाताळ. दुसरं काही देण्याचा विचारसुद्धा कधी मनात आला नाही. याला म्हणतात निष्ठा.

६ मार्च, गुरुवार

संग्रह कसा सुरू झाला ते लिहून ठेवतो. पुढे नातवंडांनी विचारलं तर.

ओदिलच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. थायरॉईडची गाठ. साधी निघाली, देवाची कृपा. ज्या दिवशी टाके काढले त्या दिवशी मी चष्म्याचं दुकान लवकर बंद केलं आणि खालच्या पेठेतल्या सर्वांत भारी दुकानात जाऊन पहिला स्कार्फ घेतला. निळा, त्यावर सोनेरी लगाम. घरी येऊन स्वतः तिच्या गळ्याभोवती गुंडाळला. वण पूर्ण झाकला गेला. ती आरशात बघत राहिली आणि रडली. मीही गहिवरलो.

त्यानंतर तिने बाहेर जाताना गळा कधी उघडा ठेवला नाही. मी ठेवू दिलाच नाही. वारा असो, ऊन असो, दारात मी घडी घालून उभा.

९ मार्च, रविवार

प्लॅन ठरला.

मनाशी बोललो तेव्हा लक्षात आलं, की आमचं कुठे चुकलं. स्कार्फ उत्तम, पण बांधायची तऱ्हा एकच. बाजूला एक साधी गाठ. वर्षानुवर्षं तीच. बाई कंटाळणारच! संग्रह वाढवण्याच्या नादात मी कलेकडे दुर्लक्ष केलं.

संकल्प:
लग्नापर्यंत सगळ्या अवघड गाठी शिकायच्या. गुलाबाची, धबधब्याची, वेणीची.
ओदिलला आठवड्यातून एकदाच फोन करायचा.
नवीन स्कार्फ घ्यायचा नाही.

आणि लग्नाच्या दिवशी, सगळ्या पाहुण्यांसमोर, तिच्या गळ्यात मी स्वतः अशी गाठ बांधणार, की ती माझ्याकडे बघेल आणि म्हणेल, रेजिस, चल घरी. हे वाक्य मी तिच्या आणि माझ्या, दोन्ही आवाजांत म्हणून पाहिलं. छान वाटतं.

संध्याकाळी ओदिलला फोन. उचलला नाही. या आठवड्याचा फोन झाला.

१५ मार्च, शनिवार

वेणीची गाठ. पुस्तकातलं चित्र सोपं होतं. स्कार्फची तिरकी पट्टी करायची, गळ्याभोवती दोन वेढे, मग टोकं एकमेकांखालून. सरावासाठी स्वतःचाच गळा घेतला. चौथ्या चित्रापर्यंत उत्तम. पाचव्या चित्रात बाईचा हात कुठून येतो ते कळत नाही. सुरगाठ व्हायची ती निरगाठ झाली, आणि ओढलं की आणखी बसायची.

कात्री समोरच होती. पण रेशमाला कात्री? जीव गेला तरी चालेल.

वरच्या मजल्यावर मादाम ब्रोसारकडे गेलो. बोलता येत नव्हतं, मानेकडे बोट दाखवलं. त्यांनी क्रोशाच्या सुईने गाठ सैल केली आणि म्हणाल्या, मस्यू वोझेल, फास लावून घ्यायचा तर लोक दोर घेतात, एवढं महाग काही घेत नाहीत. मी म्हणालो, ही कला आहे, मादाम. त्या म्हणाल्या, असेल, पण तुम्ही वांग्यासारखे जांभळे झालात.

शेजार चांगला आहे. विनोदबुद्धी जरा भडक.

२२ मार्च, शनिवार

शिकायचं असेल तर शिकवायला लागावं. वस्तीच्या हॉलमध्ये वर्ग सुरू केला. बेकरीच्या काचेवर कागद लावला होता: रेशमी स्कार्फ, गाठी आणि सौंदर्य, दर शनिवारी.

गर्दी बेताची, पण निवडक. मादाम ब्रोसार आल्या, मजा बघायला, असं स्वतःच म्हणाल्या. औषधाच्या दुकानातली नादेज आली, तिला पांढऱ्या कोटावर काहीतरी रंगीत हवं आहे. आणि एक निवृत्त रेल्वेवाले गृहस्थ आले, मस्यू फायोल. ते चुकून आले. त्यांनी लांबून कागदावर फक्त गाठी हा शब्द वाचला, त्यांना वाटलं प्रथमोपचाराचा वर्ग आहे. हात मोडला तर झोळी कशी बांधायची ते विचारू लागले. मी समजावलं. ते म्हणाले, आता आलोच आहे तर बसतो.

गुलाबाची गाठ शिकवली. नादेजचा कोबी झाला. माझा त्याहून थोडा बरा. फायोल यांनी मादाम ब्रोसारच्या निरोगी हाताला सुंदर झोळी बांधली. टाळ्या त्यांनाच.

सुरुवात म्हणून समाधानकारक.

३ एप्रिल, गुरुवार

वाईट दिवस.

ओदिलचा तो निळा, सोनेरी लगामाचा. गेले काही दिवस तो कप्प्यात न ठेवता मी उशीजवळ ठेवत होतो. हवा लागावी म्हणून. रेशमाला हवा लागते. आज चादरी धुवायला टाकल्या, त्यांत तो गेला.

वॉशिंग मशीनच्या काचेतून निळं पाणी दिसलं तेव्हा आधी वाटलं, छान रंग आहे. मग कळलं.

बाहेर काढला तेव्हा लहान झाला होता, लगाम एका बाजूला ओघळले होते. पण रंगाचं एवढं नाही. त्याला तिचा वास होता. कॉलरपाशी असतो तसा, साबण आणि थोडी औषधी वनस्पती. आता नुसता साबणाचा.

इस्त्री केली. पुन्हा वास घेतला. गरम साबणाचा.

ओदिलला फोन केला. या आठवड्यातला दुसरा, पण कारण तांत्रिक होतं. तिने उचलला. मी सांगितलं, तुझा निळा स्कार्फ मशीनमध्ये गेला. ती म्हणाली, जाऊ दे रे. मी म्हणालो, तुला वाईट वाटत असेल. ती म्हणाली, रेजिस, तू जेवतोस ना वेळेवर?

किती धीराने घेतलं तिने. मला धीर यावा म्हणून स्वतःचं दुःख गिळलं.

१२ एप्रिल, शनिवार

क्लेमांस आली होती. कोण कुठे बसणार याचा नकाशा घेऊन. येताना गुलाबी प्रालीनची, म्हणजे साखरेत घोळलेल्या बदामांची, टार्ट आणली. तिला काही अवघड बोलायचं असलं की ती टार्ट आणते, हे मला माहीत आहे, पण टार्ट चांगली होती.

नकाशात ओदिल एका टेबलावर आणि मी दुसऱ्या. मी म्हणालो, छापताना चूक झाली आहे. ती म्हणाली, चूक नाही, आईने सांगितलंय. मग म्हणाली, पपा, आईने सेतमध्ये घर घेतलंय, बंदराजवळ, छोटंसं. मारीव्होन मावशीकडे नाही राहत ती आता.

मी विचारलं, विकत? म्हणाली, भाड्याने.

भाड्याने! मग काय? परत यायचं नसतं तर विकत घेतलं असतं. तिला तसं सांगितलं तर तिने सुरी खाली ठेवली आणि माझा हात धरला. म्हणाली, पपा, लग्नात आईला स्कार्फबिर्फ बांधायला जाऊ नकोस, माझी शपथ आहे.

प्लॅन फुटला कसा? बहुधा मादाम ब्रोसार जिन्यात बोलल्या असणार.

मी शपथ घेतली नाही. नुसती मान हलवली. मान हलवण्याचे अनेक अर्थ होतात.

२७ एप्रिल, रविवार

नवीन स्कार्फ घ्यायचा नाही हा संकल्प आज सकाळपर्यंत पाळला.

जुन्या बाजारात सहज गेलो होतो, दिव्याची शेड बघायला. तिथे एका बाईच्या टेबलावर, जुन्या चमच्यांच्या खाली, तो. समुद्री हिरवा. मधोमध पांढऱ्या पक्ष्यांचा थवा, कडेला दोरखंड. दुमडला की पक्षी एकमेकांवर येतात आणि सोडला की उडतात. हात लावताच कळलं, जुन्या काळचं जाड रेशीम, गाठ धरून ठेवणारं.

बाई म्हणाली, बायकोला? मी म्हणालो, हो. म्हणाली, नशीबवान आहे. मी म्हणालो, तिलाही तसंच वाटतं.

हा खर्च नाही. ही गुंतवणूक आहे. दिव्याची शेड राहिली.

८ मे, गुरुवार

सुट्टी. ओदिलला फोन. या आठवड्याचा पहिला. मागच्या आठवड्यातले मोजत नाही, त्यातल्या बऱ्याचशात ती बोललीच नव्हती.

आज बोलली. छान बोलली. सकाळी बायकांच्या एका गटाबरोबर समुद्रात चालायला जाते. छातीइतक्या पाण्यात, रांगेने, एकीमागून एक. म्हणाली, तुला सांगते, पाणी इतकं गार असतं की पहिल्यांदा शिव्या सुटतात, मग हसू सुटतं. ती हसत होती. फोनमध्ये मागे कुणीतरी काहीतरी ओरडलं आणि ती आणखी हसली.

मी म्हणालो, गळा सांभाळ, वारा असतो. तिचं हसू थांबलं. मग म्हणाली, बरं, ठेवते.

वाऱ्याचा विषय निघाला आणि तिला घरची आठवण आली, हे उघड आहे. जायला हवं. तिने तोंडाने बोलावलं नाही, पण समुद्राचं एवढं वर्णन कुणी उगीच करत नाही.

१७ मे, शनिवार. सेतहून परतताना, ट्रेनमध्ये.

वर्ग रद्द केला. नादेजला सांगितलं, रेशमाच्या कामासाठी दक्षिणेत जातोय. खोटं नाही. हिरवा स्कार्फ बॅगेत होता.

ओदिलचं घर शोधावं लागलं नाही. स्टेशनवरून थेट किनाऱ्यावर गेलो आणि त्या बायका दिसल्या. पाण्यात रांगेने, डोक्यांना रंगीत टोप्या. लांबून सगळ्या सारख्याच, तरी मी लगेच ओळखलं. शेवटून दुसरी. तिची चाल मला माहीत आहे.

बाहेर आली. पोहण्याचा पोशाख, ओले केस, गळा उघडा. मी इतक्या वर्षांत तिला असं भर उजेडात, माणसांत पाहिलं नव्हतं. आधी मला लाजच वाटली, तिच्या वतीने. मग पटकन पुढे झालो आणि स्कार्फ काढला. धबधब्याची गाठ. हात आपोआप चालले. ओल्या मानेवर, पण बसली! पहिल्या प्रयत्नात बसली.

बाकीच्या बायका वळून बघू लागल्या. एकीने विचारलं, ओदिल, हा कोण? ती म्हणाली, हा रेजिस.

मग तिने गाठ सोडली. घाई नाही, राग नाही. लहान मुलाच्या बोटांतून कात्री काढून घेतात तशी. घडी घातली, माझ्या हातात दिली आणि म्हणाली, असं न सांगता येऊ नकोस रे.

मारीव्होन टॉवेल घेऊन उभी होती. तिने मला बाजूला घेतलं. म्हणाली, रेजिस, तुम्हाला भूक लागली असेल, त्या दुकानात ऑक्टोपस भरलेली टार्ट चांगली मिळते, खा आणि चारची गाडी पकडा. मी म्हणालो, मी तिला न्यायला आलो नाही, नुसता भेटायला आलोय. ती म्हणाली, मग भेट झाली.

टार्ट खरोखर चांगली होती. तिखट.

१८ मे, रविवार

शांतपणे विचार केला. तिने स्कार्फ काढला, कारण खारट पाण्याने रेशमावर डाग पडतात. मी इतक्या वर्षांत शिकवलेलं ती विसरलेली नाही. तसंही किनारा ही जागा नव्हे. चूक जागेची.

पण, हा रेजिस, एवढंच म्हणाली. माझा नवरा, असं नाही म्हणाली.

ओळख करून देताना नाव सांगणंच सभ्यपणाचं असतं.

डाग पडलेच आहेत दोन. पक्ष्यांवर नाही, कडेला.

१ जून, रविवार

मादाम ब्रोसार सरावासाठी गळा द्यायला तयार झाल्या. अट अशी, की मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसायचं आणि त्या मटार सोलत राहणार.

धबधबा: उत्तम. गुलाब: उत्तम, पाकळ्या मोजता येतील असा. वेणी: निर्दोष. माझी मलाच कमाल वाटली. त्यांना आरसा दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, खरंच सुंदर बांधता हो तुम्ही. मग मटार सोलायला लागल्या.

नंतर म्हणाल्या, माझे हे गेले तेव्हा त्यांचे शर्ट मी कितीतरी वर्षं ठेवले. पण ते गेले होते, मस्यू वोझेल, त्यांना विचारता येत नव्हतं. तुमची बायको सेतला आहे. तिला विचारा ना, बाई, तुला काय हवं?

मी म्हणालो, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर विचारावं लागत नाही, माहीत असतं.

त्या म्हणाल्या, मान मोकळी करा आता, मटार शिजायला टाकायचेत.

१३ जून, शुक्रवार

उद्या लग्न. सूट, बूट, भाषणाचा कागद. हिरवा स्कार्फ आतल्या खिशात, पातळ कागदात. शपथ घेतलेली नाही हे पुन्हा एकदा नोंदवून ठेवतो.

घर झाडून काढलं. तिच्या बाजूची उशी बदलली. फ्रिजमध्ये तिला आवडतं ते ताकासारखं पांढरं चीज आणि चिव्हची, म्हणजे बारीक कांद्याची, पात. परवा सकाळी दोघांना लागेल.

१५ जून, रविवार

दोघांना लागलं नाही.

क्रमाने लिहितो.

लग्न गावाबाहेरच्या एका जुन्या शेतघरात होतं. क्लेमांस सुंदर दिसत होती. जावई तांगी ब्रिटनीचा, समुद्रकाठची माणसं, त्यांनी पोतीच्या पोती ऑयस्टरचे शिंपले आणले होते. त्याचा काका, लोइक, झाडाखाली उभा राहून ते सुरीने उघडत होता आणि गात होता.

ओदिल मारीव्होनबरोबर आली. निळा ड्रेस, खोल गळ्याचा. गळ्यात काही नाही. साखळीसुद्धा नाही.

मी गेलो. खिशात हात घातला. तिने तो हात वरच्यावर धरला आणि म्हणाली, चल, जरा बसू.

मागे बाक होता, द्राक्षवेलीखाली. बसलो. ती म्हणाली, टाके काढले तो दिवस आठवतो तुला? मी म्हणालो, न आठवायला काय झालं, निळा, सोनेरी लगामाचा. ती म्हणाली, दुपारी मी दवाखान्यातून चालत आले, नदीच्या काठाने, कोटाची बटणं उघडी टाकून. मला वाटत होतं, वाचले. प्रत्येक माणसाला थांबवून दाखवावंसं वाटत होतं, हे बघा, इथे कापलं आणि मी वाचले. घरी आले तर तू स्कार्फचं खोकं घेऊन उभा.

मी म्हणालो, तुला आवडला होता, तू रडलीस.

ती म्हणाली, हो, रडले.

म्हणालो, रेशीम उत्तम प्रतीचं होतं. ती म्हणाली, होतं रे. सगळीच उत्तम होती. म्हणून तर बोलता यायचं नाही. प्रत्येक वेळी दारात तू एवढ्या प्रेमाने उभा, आणि मला वाटायचं, याला माझी लाज वाटते.

मी म्हणालो, लाज नाही, काळजी. ती म्हणाली, मला माहीत आहे, आता माहीत आहे. पण मला आता गळ्याभोवती काही नको, रेजिस. कुणीही नको.

ती माझ्याकडे तोंड करून बसली होती. उन्हात. तेव्हा मी तो वण बघितला. मला वाटायचं मोठा आहे. बारीक आहे. डाव्या बाजूला किंचित वर गेलेला. झोपेतून उठल्यावर उशीची घडी उमटते तेवढाच. याच्यासाठी एवढं रेशीम?

तेवढ्यात आरडाओरडा झाला. लोइक काकाची सुरी निसटून तळहातात घुसली होती. रक्त शर्टावर, ऑयस्टरवर. सगळे नॅपकिन शोधत पळत होते. मी गेलो. खिशातला हिरवा स्कार्फ काढला, तिरकी पट्टी केली, तळहातावर दाबून वेढे दिले, मनगटाशी पक्की गाठ, आणि उरलेल्या टोकांची गळ्यातून झोळी, फायोल यांच्या पद्धतीची. रक्त थांबलं. पक्षी लाल झाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोइक काका म्हणाला, साहेब, ही गाठ आयुष्यभर सोडणार नाही. ओदिल शेजारी उभी होती. म्हणाली, छान बांधलंस.

छान बांधलंस! तिच्या तोंडून हे पहिल्यांदा.

जेवणं झाली, माझं भाषण झालं, नाच झाला. एक गाणं ती माझ्याबरोबर नाचली. हात खांद्यावर, मधे वाऱ्याला जागा. मग मारीव्होनने गाडी काढली.

क्लेमांसने जाताना मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, पपा, माझं ऐकलंस, थँक यू. हिरवा स्कार्फ खिशात कशासाठी होता, ते मी सांगितलं नाही.

२१ जून, शनिवार

वर्ग घेतला नाही. अंग मोडून आलं. चीज टाकून दिलं.

छान बांधलंस, यावर विचार केला. तिने दुसऱ्याच्या हाताला बांधलेलं बघून म्हटलं. तिच्या गळ्यात बांधलेलं बघून कधीच नाही. पण म्हटलं तर खरं. शनिवारी येणार आहे ती पाच जुलैला, सामान न्यायला, क्लेमांसने कळवलं. थोडंसंच सामान. थोडंसंच नेणार म्हणजे बाकीचं ठेवणार.

५ जुलै, शनिवार

ओदिल आली. बहिणीची गाडी, स्वतः चालवत.

मी सगळे स्कार्फ काढून ठेवले होते. खुर्च्यांच्या पाठींवर, सोफ्यावर, टेबलावर, खिडकीच्या कडीवर. तिला निवडायला सोपं जावं म्हणून. घर मेळ्यासारखं दिसत होतं. ती दारात थांबली. म्हणाली, किती सुंदर आहेत रे. एकेकाजवळ गेली. लगाम आणि पक्षी नव्हते, बाकी सगळे होते. पोपटांचा, गव्हाच्या लोंब्यांचा, ताऱ्यांच्या नकाशाचा. कुठल्या वर्षीचा कुठला ते तिला आठवत होतं. माझ्यापेक्षा जास्त.

मी विचारलं. मादाम ब्रोसार म्हणाल्या होत्या तसं. म्हणालो, ओदिल, तुला काय हवं?

ती म्हणाली, शिवणाचं मशीन.

आणि हिवाळी बूट, रेडिओ, आणि सॅलड वाळवायची टोपली, बाजारात तशी आता मिळत नाही. स्कार्फ? मी विचारलं. ती म्हणाली, ते तुझे आहेत. पहिल्यापासून तुझेच होते. तुला एवढं छान येतं, शिकवत राहा ना. हे तिने चांगल्या मनाने म्हटलं.

कॉफी केली. ती पुन्हा म्हणाली, जेवतोस ना? मी हो म्हणालो. तिने कप विसळून पालथा ठेवला. आपल्या घरातला कप विसळून पालथा कोण ठेवतं? पाहुणे.

मशीन जड आहे. मी उचललं. ती म्हणाली, कंबर सांभाळ. चार मजले उतरलो, मधे एकदा टेकलो. गाडीत मागे चादर टाकून नीट बसवलं, हलू नये म्हणून दोन बाजूंना बूट लावले.

मग ती माझ्यासमोर आली. मला वाटलं, आता. काय आता, ते माहीत नाही. तिने माझ्या एका गालाला गाल लावला, मग दुसऱ्या. हवेत दोन छोटे आवाज. जिन्यात मादाम ब्रोसार भेटल्या की आम्ही करतो तसं. बेकरीवालीला नवीन वर्षाला करतो तसं. सदतीस वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांना असं कधी भेटलो नव्हतो. गरजच नव्हती.

म्हणाली, काळजी घे, रेजिस.

गाडी उतारावरून खाली गेली. मी वळणापर्यंत हात हलवत होतो. ती समोर बघून चालवत होती. उतार तीव्र आहे, समोरच बघावं लागतं. आणि गाडीला मागचं दिसायला आरसा असतो.

तिने आरशात बघितलं असेल, असं लिहायला बसलो होतो. नाही लिहीत.